लोणचं सोडलेल्या माणसांच्या गावात

हिंगोली जिल्ह्यात फिरायला जाऊ नका. आधीच सांगून टाकते, म्हणजे "ताई, तिकडे रिसॉर्ट आहेत का?" असे मेल येणार नाहीत. मेच्या शेवटी तर मुळीच जाऊ नका. डांबर चपलेला चिकटतं, आणि पाणी पिऊन पिऊन पोट डबडबतं तरी तहान जात नाही. मी गेले, कारण माझी मोठी बहीण सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला दिलेली आहे, आणि तिनं फोनवर रडत सांगितलं की दाजींच्या पायांची सूज उतरत नाही.

बहिणीला आम्ही अक्का म्हणतो आणि तिच्या यजमानांना दाजी. दाजी जन्मभर रस्त्याच्या कामावर मैलकामगार होते, आता घरी असतात. वर्षभरापूर्वी त्यांना ब्लडप्रेशर निघालं. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उतरलं नाही. गोळ्या बदलल्या, तरी उतरलं नाही. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले की असंच चाललं तर किडन्या जातील, मग मशीनवर रक्त धुवायला आठवड्यातून दोनदा नांदेडला यावं लागेल. साखऱ्याहून आठवड्यातून दोनदा नांदेड म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

"सुमे, गोळीच खोटी हाय," अक्का फोनवर म्हणाली. "मी तं ह्यायला वर्षात लोणच्याची एक फोड दिली न्हाई. भाजी अळणी करते. तू ये अन् बघ."

मी नांदेडला मुलींच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकवते. तेवढ्यावर माहेरच्या माणसांनी मला अर्धी डॉक्टर करून टाकलंय. पूर्ण डॉक्टरनं हात टेकले की अर्धीला बोलावतात.

निघायच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये एका बाईंनी मोठ्या प्रेमानं पेपरातलं कात्रण हातात ठेवलं. लोणच्याचे फायदे, असा विषय. लोणच्यानं भूक वाढते, पचन सुधारतं, जीवनसत्त्वं मिळतात, वगैरे वगैरे. सबंध लेखात मिठाचा शब्द नाही. लोणच्यावर लिहायचं आणि मीठ टाळायचं, हे लग्नाचं वर्णन करून नवरीला विसरण्यासारखं आहे. कैरीत क जीवनसत्त्व असतं, मान्य. पण ते बरणीत वर्षभर आपली वाट बघत बसत नाही, आणि बसलं तरी बोटभर फोडीतून असं किती मिळणार? लोणच्यातून पोटात जातं ते मीठ, तेल आणि तिखट. आणखी एक गोष्ट मिळते: दुसरी भाकरी घशाखाली उतरते. तिच्याकडे पुढे येते, कारण सगळं गाडं तिथंच अडलेलं होतं.

या ब्लॉगच्या वाचकांचाही हिशेब आधीच चुकता करते. मागच्या लेखाखाली तुमच्यापैकी निम्म्यांनी अस्सल गावरान लोणच्याची रेसिपी मागितली होती. गावरान हा शब्द शहरातल्या माणसानं उच्चारला की मला हल्ली संशय येतो. गावरान अंडी, गावरान तूप, गावरान कोंबडी. गाव मात्र कुणाला नको असतं. तर घ्या, हे गाव.

नांदेडहून सकाळी लवकरची एसटी पकडावी, उन्हाच्या आधी निम्मा रस्ता उरकतो. तिकीट पन्नासच्या आत. अर्धापूरपर्यंत केळीच्या बागा दिसतात आणि खिडकीतून येणारा वारा जरा माणसात असतो. त्यानंतर जमीन काळी, मोकळी आणि नांगरून पडलेली. मी वारंगा फाट्यावर उतरले, कारण सकाळी काही खाल्लं नव्हतं आणि तिथं ढाबे, टपऱ्या, पंक्चरवाले यांची अशी गर्दी आहे की उपाशी राहायला जागाच नाही. थाळी पस्तीस रुपये. टेबलावर प्लास्टिकची बादली, तिच्यात पळी आणि पळीच्या दांड्यापर्यंत लाल तेल.

"हे लोणचं कशाचं आहे?" मी वाढणाऱ्याला विचारलं.

"लोणच्याचं."

"आंब्याचं की लिंबाचं?"

"मिक्स हाय, मॅडम. खावा बिनधास्त."

मी बिनधास्त खाल्लं. फोडीला साल नव्हती, कोयीचा तुकडा नव्हता, आंबटपणा होता तो बाटलीतला. बहुतेक गाजर असावं. तिखट मात्र इतकं की भाजीची चव कळू नये, आणि भाजी खाल्ल्यावर तोच हेतू असावा अशी माझी खात्री झाली. समोरचा ट्रकवाला भाजीला न शिवता त्या लाल तेलात रोट्यांमागून रोट्या बुडवून खात होता. मी बघतेय हे पाहून तो म्हणाला, "भाजीपरीस हेच बराबर हाय. हे कालचं नसतंय." हे बादलीतलं कधीचं होतं ते मी त्याला विचारलं नाही.

पुढे बाळापूर, कळमनुरी करत हिंगोली. बसस्टँडवरून बाजारात जायचं ते एवढ्यासाठी की या दिवसांत तिथं कैऱ्या फोडून देणारे बसतात. लाकडी फळीला ठोकलेला मोठा अडकित्ता, एका दाबात कोयीसकट कैरीचे दोन तुकडे, अडकित्त्याच्या कटकट आवाजापुढं दुसरं काही ऐकू येत नाही. मी अक्कासाठी थोड्या कैऱ्या घेतल्या, अख्ख्याच. फोडणारे चाचा पांढऱ्या दाढीचे, शेजारी त्यांच्याच मुलाचं मसाल्याचं दुकान. कुठं चाललात म्हणून त्यांनी विचारलं, मी साखरा सांगितलं.

"उधर के लोगां का मेरे कू कुछ समझ में नै आता, बाई," चाचा हात न थांबवता म्हणाले. "कैरी पहले से आधी लेते, नमक-मसाला बराबर उत्ताच लेते. मैं बोला, अचार पतला होंगा. बोले, पतलाच होना."

गिऱ्हाइकाबद्दल तक्रार नसेल तो दुकानदार कसला, म्हणून मी हे सोडून दिलं.

हिंगोलीहून सेनगावला एसटी आहे, सेनगावहून साखऱ्याला काळीपिवळी जीप. सीट दहा रुपये. सीट म्हणजे काय याबद्दल ड्रायव्हरचं आणि तुमचं मत वेगळं पडेल. माझ्या वाट्याला एक मांडी टेकण्यापुरती जागा आली. पाहुणी कुणाकडे, कशासाठी, हे विचारून झाल्यावर जीपमधल्या प्रत्येकानं ब्लडप्रेशरवर आपापला इलाज सांगितला. एकाचा लसूण, एकाचं जांभळाच्या बियांचं चूर्ण, एकाचं तांब्याचं कडं. ज्याच्या हातात कडं होतं त्याचे डोळे लालभडक होते. मी आहारशास्त्र शिकवते असं सांगितल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि लसूणवाल्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दाजी दारातल्या कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. पाय खाली सोडलेले, घोट्याशी कातडी ताणून चमकत होती. बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहायचा.

"जयभीम, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "या. आता काय बंद करायला आल्या?"

दाजींचा स्वभाव असा. सूज पायाला आली, जिभेला नाही.

अक्कानं आल्या आल्या मला स्वयंपाकघरात नेऊन सगळं दाखवलं. मिठाचा डबा वरच्या फळीवर, हात पुरू नये असा. दाजींच्या भाजीचं पातेलं वेगळं. पापड घरात नाहीत. हे सगळं ती परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी दाखवत होती, आणि मी तपासायला आलेली, मीही मान डोलवत होते. खरंच, शहरातल्या शिकलेल्या घरांत इतकं काटेकोर पथ्य मी पाहिलेलं नाही. दिवेलागणीला आम्ही दोघी आत जेवायला बसलो, दाजींचं ताट बाजेवर. वांग्याची भाजी मी मुद्दाम दाजींच्या पातेल्यातली घेतली, ठार अळणी होती. मी कशीबशी संपवली. माझ्या ताटात लोणचं नाही हे पाहून अक्काच ओशाळली.

"औंदा बिघडलं बघ. वरून बुरशी धरून राहिलं. आंबाच खराब निघाला."

दाजींचं ताट परत आलं ते चाटूनपुसून. त्याच अळणी वांग्याबरोबर त्यांनी भाकरीवर भाकरी हाणली होती आणि तक्रारीचा शब्द नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण दिवसभराच्या जीपनं माझी हाडं खिळखिळी झाली होती. मी गच्चीवर जाऊन आडवी झाले.

सकाळी शेजारच्या शांताबाई रिकामी वाटी घेऊन दारात आल्या. "अक्का, वाईच खार दे. आमचा सरला."

ज्यांना खार माहीत नाही त्यांच्यासाठी: लोणच्याच्या बरणीत फोडींच्या भोवती तेल, तिखट, मोहरी, मेथी आणि कैरीचं सुटलेलं पाणी मिळून जे दाट, लाल, आंबट-खारट तयार होतं, तो खार. या भागात फोडीपेक्षा त्याचाच मान मोठा. भाकरीचा काला खारात करतात. वरणावर घालतात, पिठल्यावर घालतात, ज्वारीच्या कण्यांवर घालतात. धपाट्याच्या पिठात चमचाभर खार घातला तर वेगळं तिखट-मीठ लागत नाही. कच्चा कांदा खारात बुचकळून खाल्ला की लोक जेवण झालं समजतात. हे सगळं चविष्ट आहे, उगाच खोटं कशाला बोलू?

अक्कानं फडकं सोडून बरणी उघडली. मी डोकावले. आत फोडी कोरड्या ठणठणीत, एकमेकींवर टेकलेल्या, वरच्या फोडींवर पांढरी बुरशी. तळाशी जेमतेम पळीभर खार.

"अक्का, ह्यातला खार कुठं गेला?"

"ह्यायला लागतो की. भाजी अळणी, मग भाकर कशी खातील?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तू दाजींना लोणचं देतेस?"

"लोणचं कुठं?" अक्का चिडलीच. "लोणचं बंद म्हंजे बंद. निस्ता खार देते. वाटीत फोड आली चुकून, तं मी बोटानं काढून घेते. डॉक्टरनं सांगितलं तसं बराबर."

हे ती शाबासकीच्या अपेक्षेनं म्हणाली.

मी ओरडले. शांताबाईंच्या हातातली वाटी पडली, इतकी ओरडले. लोणच्यातलं मीठ फोडीत बसून राहत नाही हो. मीठ लावलं की कैरी पाणी सोडते आणि त्या पाण्यात मीठ उतरतं. म्हणजे बरणीतला सगळ्यात खारट भाग वेगळा काढून, पातळ करून, वाटीत भरून आजारी माणसाच्या पुढ्यात ठेवायचा. फोड एखादी चघळून माणूस थांबतो, खार तो भाकरीबरोबर वाटी वाटी ओढतो. लोणचं चालू ठेवलं असतं तर दाजींच्या पोटात कमी मीठ गेलं असतं. आणि खार गेला की फोडी उघड्या पडतात, त्यांना बुरशी येते, आणि दोष आंब्याला!

"आमच्यात बी असंच करतेत की," शांताबाई वाटी उचलत म्हणाल्या. "सगळ्या गावात. काहून, खार चालत न्हाई का?"

सगळ्या गावात. मग मी शांताबाईंबरोबर चार घरं फिरले, आणि माझं डोकं फिरत गेलं. मागच्या उन्हाळ्यात कुठल्याशा मंडळानं शाळेच्या व्हरांड्यात तपासणीचं शिबिर घेतलं होतं. डॉक्टरांनी माइकवरून सांगितलं होतं, ब्लडप्रेशरवाल्यांनी लोणचं-पापड बंद. गावानं शब्दाला शब्द पाळलं. लोणचं बंद, खार चालू. पापड बंद, कुरडया चालू. एका घरातल्या आजोबांनी मला अभिमानानं सांगितलं की त्यांनी पापडाला शिवायचं सोडलंय आणि आता फक्त सांडगे खातात. सगळ्यांच्या बरण्यांत कोरड्या फोडी आणि वर बुरशी. हिंगोलीच्या चाचांना जे कळत नव्हतं ते मला आता कळलं: खार सरतो, फोडी वाया जातात, म्हणून या लोकांनी यंदा कैरीच कमी करून टाकली होती. चुकीचं काम किती पद्धतशीर करता येतं ते बघायचं असेल तर साखऱ्याला जा.

पण तुम्हाला वाटेल की मी अडाणी गावाला हसतेय, तर तसं नाही. माझा राग व्हरांड्यातल्या माइकवर आहे. बंद म्हणायला काय लागतं? ज्वारीची भाकरी कोरडी असते, तिला काहीतरी ओलं, झणझणीत लागतं. त्याला इथं कोरड्यास म्हणतात. मेमध्ये विहिरींनी तळ गाठलेला, पालेभाजी आठवडी बाजाराखेरीज दिसत नाही, म्हशी आटलेल्या. ताटातलं एकमेव कोरड्यास तुम्ही बंद करता आणि त्या जागी काय खायचं ते सांगत नाही. मग माणूस काय करणार? तुमचा शब्द पाळून स्वतःची वाट काढणार. ती त्यांनी काढली.

परत आले तर दाजी बाजेवर सावरून बसले होते. भिंतीतून सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"डांबराच्या भट्टीपाशी काम केलं मी," ते म्हणाले. "खार न्हाई खाल्ला तं चक्कर यायची. मुकादम सोता सांगायचा, खार आणा रे डब्यात."

"तेव्हा बरोबर होतं, दाजी. अंगातून घामाच्या धारा लागत होत्या, मीठ निघून जात होतं. आता तुम्ही लिंबाखाली बसून राहता. मीठ जाणार कुठून? ते पायात उतरून बसलंय."

त्यांनी पायाकडे पाहिलं. दाराशी अक्का उभी होती.

"म्हंजे वर्षभर मीच पाजलं ह्यायला?" तिनं विचारलं.

मला गोड बोलता येत नाही. कुणीतरी दुसरं असतं तर नाही नाही म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवला असता. मी म्हटलं, "हो. पण तुला कुणी सांगितलंच नव्हतं." दुसरं वाक्य तिनं ऐकलं नाही. बरणीवर फडकं बांधलं, गाठीवर गाठ मारली. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी कामाला लागते, तशी लागले.

रेसिपी मागणाऱ्यांनो, इथं लक्ष द्या, कारण तुम्हाला मिळणार ती हीच. कैऱ्या चुलीत भाजल्या, साल काढून गर कुस्करला. लसूण, हिरव्या मिरच्या आणि जिरं पाट्यावर वाटलं, त्यात घातलं. गुळाचा बारका खडा. वरून करडीच्या तेलाची फोडणी, हिंग सढळ हातानं. मीठ नाही. आंबट आणि तिखट दोन्ही पुढं असलं की जिभेला मिठाची आठवण जरा उशिरा येते, एवढीच यातली युक्ती. हे बरणीत भरून ठेवू नका. टिकवणारं मीठच नसेल तर ते टिकणार कशावर? करायचं आणि उद्यापर्यंत संपवायचं. सोबत जवसाची बिनमिठाची चटणी आणि लिंबू पिळलेला कांदा.

दाजींनी घास घेतला, तोंडात घोळवला आणि ताट बाजेच्या कडेला सरकवलं.

"मास्तरीणबाई, हे खाऊन जगायचं, त्यापरीस किडनी गेलेली बरी."

मी तोंड उघडणार होते. शरीराला मिठाची रोजची गरज किती, सवय मोडायला किती दिवस लागतात, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात अक्का बाहेर आली. तिच्या हातात तिचं ताट. भाकरी, अळणी वांगं, आणि बाजूला माझं कैरीचं. ती दाजींच्या समोर खाली बसली आणि जेवायला लागली. अक्काला खाराशिवाय घास उतरत नाही, लहानपणी ती खार लावलेली भाकरी घेऊन शाळेत जायची. पहिल्या घासाला तिचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना, पण ती थांबली नाही.

"तू काहून खाऊन राहिली असलं?" दाजी म्हणाले.

"वर्षभर तुमी खाल्लं माझ्या हातचं. आता मी बी हेच खाते."

"तुला काय बीपी हाय?"

"न्हाई. व्हईल तवा व्हईल. तुमची मर्जी तुमच्यापाशी."

दाजींनी मला विचारलं, "ही येडी झाली का?" शांताबाई कुडाच्या पलीकडे उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून सगळं बघत होत्या. दाजींची नजर तिकडे गेली. संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं की मैलकामगारानं बायकोला अळणी खायला लावलं आणि स्वतः ताट ढकलून बसला. मी खोटं लिहिणार नाही, दाजींनी बायकोच्या प्रेमानं ताट ओढलं असं मला म्हणायचं नाही. मला वाटतं, शांताबाईंच्या तोंडाला ते भ्याले. कशानं का होईना, त्यांनी ताट ओढलं.

"आण ते. अन् मिरची आण अजून दोन. मरायचंच हाय तं तिखट खाऊन मरतो."

अक्का खाली मान घालून जेवत होती. रडत होती की मिरची लागली होती, ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. जाताना भाजीत चिमूटभर मीठ घालायला अक्काला परवानगी दिली, मोजून, एका पातेल्याला एकच चिमूट, नाहीतर दाजी पळून गेले असते. शांताबाईंनी आणि आणखी दोघीतिघींनी कैरीचं ते शिकून घेतलं. एकीनं विचारलं, "बाई, सांडगे तरी?" मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. जीपमध्ये लसूणवाला पुन्हा भेटला. या वेळी मी खिडकीशी बसले आणि झोपेचं सोंग घेतलं.

घरी येऊन काय उरलं, असं प्रवासाच्या शेवटी लिहायची रीत आहे. माझ्यापाशी उरला तो राग, आणि तो मी जपून ठेवलाय. वर्गात मी पोरींना तक्ते शिकवते, एका ताटात प्रथिनं किती, क्षार किती. कुठल्या पुस्तकात असं लिहिलेलं नाही की तक्ता काढण्याआधी माणसाला विचारा, तू भाकरी कशासोबत खातोस. आता मी ते फळ्यावर लिहिते. पोरी वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेला येणार का म्हणून विचारतात.

पावसाळा लागल्यावर अक्का आणि दाजी तपासणीला नांदेडला आले. मीही दवाखान्यात गेले. दाजींच्या पायात चप्पल नीट बसत होती. ब्लडप्रेशर अजून थोडं वर होतं, पण वर्षभरात पहिल्यांदा खाली सरकलं होतं, आणि किडन्यांच्या रिपोर्टवर डॉक्टर समाधानी होते.

"बघा, ही गोळी लागू पडली," डॉक्टर म्हणाले.

"गोळी न्हाई, सायेब," अक्का म्हणाली. "खार बंद केला."

"मी तर आधीच सांगितलं होतं. लोणचं बंद."

"लोणचं बंदच व्हतं. वर्षात एक फोड दिली न्हाई मी." अक्का टेबलाशी सरकली. "भाकर कशासंगं खातो, हे इचारलं असतं तुमी, तं मी सांगितलं असतं."

डॉक्टर हसले, पुढची तारीख दिली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. एक म्हातारी आत गेली. आम्ही बाहेर बाकावर औषधाची चिठ्ठी वाचत बसलो. दार अर्धवट उघडं होतं, आतलं ऐकू येत होतं. मीठ कमी करा, लोणचं बंद.

म्हातारी बाहेर आली. तोंड सुजलेलं, हातात पिशवी.

"मावशी, कुठल्या तुमी?" अक्कानं तिला थांबवलं.

"आजेगावची."

"लोणचं खाता?"

"न्हाई माय. कवाच सोडलं."

"अन् खार?"

"खार खाते की. त्याबिगर भाकर कशी उतरंल?"

दाजी उठून उभे राहिले होते. "चल, हिंगोलीची गाडी जाईल," ते म्हणाले.

"जाऊ द्या," अक्का म्हणाली आणि बाकावर सरकून तिनं जागा केली. "बसा, मावशी."